सातवी आणि अकरावी बोअर

२७ नोव्हेंबर १९९५, सोमवार

अडकलं. माझं गणित अडकलं, आणि तेही सगळ्या ऑफिससमोर. सकाळी राजवर्धन सरांना तोऱ्यात म्हटलं होतं, चहा येईपर्यंत उत्तर देते. चहा आला, कप उचलून नेले, डबे खाऊन झाले, आणि किती चूक उरली ते सांगणारा पडद्यावरचा आकडा जागचा हलायला तयार नाही. सहा फेऱ्यांपर्यंत शहाण्यासारखा खाली आला आणि मग मुक्कामच ठोकला. पंधराव्या फेरीला उलटा वर चढायला लागला. मी आ वासून बघत बसले. माझी पद्धत असं करतच नाही.

काम काही मोठं नाही. करावे गावाच्या खाडीकडच्या अंगाला एक कंपनी कोळंबीची तळी खणणार आहे. उधाणाला खाडीचं खारं पाणी आत घ्यायचं आणि कोंडायचं. तळ्याच्या कोपऱ्यापासून सव्वाशे मीटरवर पस्तीस घरांची वाडी, आणि त्या वाडीला गोड्या पाण्याची एकच विहीर. तळ्याचं खारं पाणी जमिनीतून मुरत विहिरीपर्यंत किती वर्षांनी पोचेल, एवढंच आम्ही सांगायचं. वीस वर्षांच्या वर आलं तर परवानगी, खाली आलं तर तळी दुसरीकडे.

मी जमिनीवर जाळं टाकते आणि प्रत्येक चौकटीत पाण्याचं समीकरण मांडते. बारीक जाळ्यावरच घासत बसलं तर जवळपासच्या चुका जातात, पण लांबवर पसरलेली चूक महिनाभर हटणार नाही. म्हणून ती चूक दुप्पट मोठ्या चौकटींवर न्यायची, मग आणखी मोठ्या, तिथे तिचा निकाल लावायचा आणि परत वर यायचं. अशा चार पायऱ्या, खाली जाऊन वर आलं की एक फेरी. आईला मी हे चाळणीवरून सांगितलं होतं, रव्याची वेगळी, पिठाची वेगळी. आठ-नऊ फेऱ्यांत काम तमाम. या ऑफिसात हे येणारी मी एकटी, आणि आज माझंच तोंड पडलं.

२९ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं. मी उगाच दोन दिवस स्वतःला बोल लावत होते.

उरलेली चूक कुठे बसलीय ते छापून काढलं. सगळ्या नकाशावर शून्य, शून्य, शून्य, आणि एका अरुंद पट्ट्यात मात्र ठाण मांडून. जमिनीतून पाणी किती झिरपतं ते बघायला चौदा बोअर मारून त्यांत पाणी ओतलं होतं, त्यातल्या सातव्या आणि अकराव्या बोअरमधून तो पट्टा जातो. बोअरची वही उघडली तर बाकीच्या बारा ठिकाणी पाणी दिवसाला आठ सेंटीमीटरच्या आसपास झिरपतं, म्हणजे ०.०८ मीटर. आणि सात, अकरा या दोघींत? ८० मीटर. बरोबर हजारपट. एक मीटर म्हणजे हजार मिलिमीटर. सितारामभाऊंनी मिलिमीटरचा आकडा मीटरच्या रकान्यात लिहिलाय, दुसरं काय? दोन्ही नोंदी एकाच दुपारच्या आहेत, २१ तारखेच्या.

सिताराम करावेचेच. आधी खाडीवर जाळी टाकायचे, आता आमच्यासाठी बोअर मारतात. माणूस कष्टाळू आहे, पण दशांश चिन्ह म्हणजे काय गळाला लागणारी वस्तू आहे? मला इतका राग आला की वही आपटली. गंमत म्हणजे तो खोटा पट्टा निघतो तळ्याच्या कोपऱ्यातून आणि जातो सरळ विहिरीवर. योगायोग तरी किती खोडसाळ असावा.

३० नोव्हेंबर

जेवताना अण्णांना हा किस्सा सांगितला. अण्णांनी तुर्भ्याच्या मार्केटात बावीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. वाटलं, हसतील. ते भाकरी मोडत म्हणाले, एखादं पोतं एकदम भलतंच जड लागलं तर काय करायचं, ते आमच्या टोळीत पहिल्या दिवशी शिकवतात.

"आमी काट्याला शिव्या देत न्हाय, आन् वाहणाऱ्यालाबी न्हाय. पोतं उघडून बघतो."

मी म्हटलं, अण्णा, जमीन म्हणजे मिरचीचं पोतं नव्हे. आई म्हणाली, बापाला उलटून बोलू नको, उज्वला. मग विषय माझ्या लग्नावर गेला, तो रोजच जातो.

४ डिसेंबर, सोमवार

वाडीवर जाऊन आले. आमच्याकडे नियम आहे, बोअरच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि ज्याने नोंद केली त्याचीच सही. म्हणून सितारामभाऊंना गाठायलाच हवं होतं.

त्यांच्या बायकोने, रखमावहिनींनी, आधी तांब्या पुढे केला. उन्हातून आले होते, गटागट प्यायले. काय गोड पाणी आहे त्या विहिरीचं! इतक्या खाऱ्या मुलखात हे असं पाणी, विश्वासच बसत नाही. विहीर ज्यांच्या दारात आहे त्या शेवंताबाई काठीला टेकून येऊन बसल्या. ऐंशीच्या घरात असतील. मी कशासाठी आलेय ते कळल्यावर चिंचेकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्या पोर होत्या तेव्हा हितवर होरी यायची. होरी म्हणजे होडी. चिंचेच्या बुंध्याला होडी बांधायचे म्हणे. नंतर बांध घातला, उघाडी बसवली (बांधातून पाणी सोडायच्या झडपेला इथे उघाडी म्हणतात), आणि पाणी मागे हटलं. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकायला मजा येते. मला तर खरंच होडी दिसायला लागली.

सितारामभाऊ मात्र अडून बसले. म्हणाले, "म्याडम, मी बादली वतली, ती थांबली नाय. दुसरी वतली. ती बी नाय. शिंपल्या निंगाल्या खालून." मी म्हटलं, भाऊ, खाडीकाठी शिंपल्या सगळीकडेच निघतात, बारा ठिकाणी एक आकडा आणि दोनच ठिकाणी बरोब्बर हजारपट, हे तुम्हाला तरी पटतं का? मीटर-मिलिमीटर पट्टीवर दाखवलं. ते पट्टीकडे बघत राहिले. त्या दिवशी पट्टी कुठल्या बाजूने धरली होती, हे त्यांना छातीठोक सांगता येईना. शेवटी म्हणाले, "तुमी शिकलेल्या हायत. तुमी बोलता तर असंल." आणि दोन्ही रेघांशेजारी सही केली. सही करताना ओठ घट्ट मिटले होते. स्वाभिमानी माणूस, चूक कबूल करायला जड जाणारच.

५ डिसेंबर

नऊ फेऱ्या! घाण्याचा बैल सुटल्यासारखं सुसाट. उत्तर सत्तावन्न वर्षं. मी खुर्चीतच एक गिरकी घेतली.

सरांनी कागद नीट बघितले आणि विचारलं, सात आणि अकरामध्ये पुन्हा एकदा पाणी ओतून बघायचं का? मी सांगितलं, बोअर बुजवलेत, मशीन उरणला गेलंय, दहा दिवस मोडतील, आणि नोंद करणाऱ्यानेच चूक मान्य करून सही दिलीय. शिवाय नऊ फेऱ्यांत उत्तर आलं हाच पुरावा, चुकीच्या माहितीवर ते इतकं सुरळीत येतच नाही. सर हसले आणि म्हणाले, तुझ्या पद्धतीवर तुझा देवासारखा विश्वास आहे. मला ते कौतुकच वाटलं.

११ जानेवारी १९९६

परवानगी मिळाली. सरांनी पेढे आणले. माझा लेखही परिषदेत वाचायला घेतलाय, करावेचंच उदाहरण घालून. आईने शेजारी जाऊन सांगितलं की आमची उज्वला जमिनीच्या आतलं बघते.

६ मार्च, बुधवार

काल होळीच्या उधाणाला तळी भरली. कंपनीने बोलावलं होतं म्हणून गेले. पाणी आत येताना बघायला अख्खी वाडी बांधावर. रखमावहिनींनी पुरणपोळी खायला घातली आणि वर तांब्याभर पाणी. सितारामभाऊ लांब उभे होते, चिंचेखाली. हाक मारली तर नुसती मान हलवली. अजून राग धरून आहेत वाटतं. तीन महिने झाले की!

२३ मार्च, शनिवार

लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

अकराच्या सुमाराला सितारामभाऊ ऑफिसात आले. चप्पल दाराबाहेर काढली. सांगितलं तरी आत घालून येईनात. टेबलावर पाण्याची बाटली ठेवली आणि उभे राहिले. मी म्हटलं, काय हे? ते म्हणाले, "पिऊन बघा."

झाकण उघडलं, एक घोट घेतला आणि तो मला गिळवेना. खारट. नुसतं मचूळ नाही, चक्क खारट. मी मूर्खासारखं विचारलं, हे तळ्यातलं का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. विहिरीचं. परवा जरा वेगळं लागलं, काल भात शिजेना, आज शेवंताबाईंनी चूळ भरून थुंकलं.

अठरा दिवस. मी सत्तावन्न वर्षं लिहून दिली होती.

जाताना दाराशी थांबून म्हणाले की वाडीतली माणसं त्यांच्याशी बोलत नाहीत. कंपनीचा माणूस काल वहीची प्रत घेऊन आला होता. त्याने सगळ्यांना दाखवलं, हे बघा, तुमच्याच सितारामने आधी एक लिहिलं मग दुसरं लिहिलं, वर सही पण केली. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलं पण नाही. सांगितलं आणि चप्पल घालून गेले.

ती बाटली अजून टेबलावर आहे. मला तिकडे बघवत नाही.

२५ मार्च, सोमवार

जुने आकडे परत घातले. सात, ऐंशी. अकरा, ऐंशी. आणि पुन्हा तेच, सहा फेऱ्या खाली आणि मग मुक्काम. त्याच पट्ट्यात. त्याच जागी.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती चूक नव्हतीच. चार महिन्यांपूर्वी माझंच गणित मला बोट दाखवून सांगत होतं की इथे बघ, इथे बघ. तळ्याच्या कोपऱ्यातून निघून विहिरीवर जाणारा पट्टा! शेवंताबाईंची होडी दुसरी कुठून येणार होती? खाडीचा जुना फाटा आहे तो, शिंपल्या आणि वाळूने भरलेला, वरून चिखलाने झाकलेला. त्यांनी सांगितला, सितारामभाऊंनी बादली ओतून सांगितला, अण्णांनी भाकरी मोडता मोडता सांगितला. आणि मी? मला नाचता येईना तर मी अंगणच सपाट करून टाकलं. पद्धत अडली म्हणून जमीन बदलली. असली चूक अडाणी माणूस करूच शकत नाही. त्याला आधी एवढं शिकावं लागेल.

२८ मार्च

तीन दिवस मान वर केली नाही. दोष कुठे होता ते आता लख्ख दिसतंय. फाटा जेमतेम आठ मीटर रुंद. सगळ्यात मोठी चौकट चौसष्ट मीटरची. मोठ्या चौकटीला आजूबाजूच्या सगळ्यांची सरासरी द्यायची माझी रीत होती, त्यामुळे फाटा तिथे विरून जायचा. म्हणजे बारीक जाळ्याला फाटा दिसतोय, मोठ्या जाळ्याला तो ठाऊकच नाही, आणि दोघं एकमेकांचं काम बिघडवतायत. आता मी सरासरी सोडून दिली. पाणी जिथून वाहतं त्या वाटेनेच आकडे वर-खाली नेले. मोठी चौकट कितीही मोठी असो, फाटा तिच्यात फाटाच राहील.

नऊ फेऱ्या. ऐंशीचा आकडा ठेवून नऊ फेऱ्या.

उत्तर एकोणीस दिवस.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. डिसेंबरात तीन दिवस दिले असते तर हेच उत्तर डिसेंबरात आलं असतं. जमिनीने काही लपवलं नव्हतं, मलाच नऊ फेऱ्यांची घाई होती.

सरांना दाखवलं. त्यांनी कागद वाचले. मग म्हणाले, वहीतली सही सितारामची आहे, आपली नाही. आपण मिळालेल्या माहितीवर हिशेब केला, कायद्याने आपल्याला कुणी काही म्हणू शकत नाही. हे बोलताना त्यांचा आवाज इतका शांत होता की मला ते कोण बोलतंय ते कळेना. त्याहून मोठा धक्का मला माझाच बसला, कारण एक क्षण, खरंच एक क्षण, मला बरं वाटलं.

२९ मार्च

पत्र टाइप केलं. सात आणि अकरा या बोअरच्या मूळ नोंदी बरोबर होत्या, त्या बदलायला मी सांगितलं, सिताराम यांचा त्याला विरोध होता, खरं उत्तर एकोणीस दिवस. खाली माझी सही. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हटलं, एक प्रत परवानगी देणाऱ्यांना, एक कंपनीला, एक वाडीला. तुमची सही नसली तरी मी पाठवणार.

दुपारपर्यंत ते केबिनमधून बाहेर आले नाहीत. चारला पत्र परत आलं. माझ्या सहीखाली त्यांची सही होती. म्हणाले, सात-अकरा पुन्हा तपासायचं का, हे मी विचारलं होतं, पण विचारून मी थांबलो, तेही लिही. मी लिहिलं.

परिषदेला कळवून टाकलं की लेख मागे घेतेय.

३१ मार्च, रविवार

वाडीवर गावकीची बैठक होती. मी अण्णांना बरोबर ये म्हटलं नव्हतं, ते आपले आले. मागे पारावर जाऊन बसले.

वाटेत रखमावहिनी भेटल्या. डोक्यावर दोन हंडे, गावातल्या नळावरून आणलेले. मला बघून थांबल्या नाहीत. सितारामभाऊ बैठकीत एका कडेला, त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी.

मी उभी राहिले. जे पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "सितारामभाऊंनी लिहिलेला आकडा खरा होता. त्यांनी मला दोनदा सांगितलं. तो मी खोडायला लावला, कारण माझं गणित त्याने अडत होतं. विहीर माझ्यामुळे गेली."

मला वाटलं होतं शिव्या पडतील, कुणी अंगावर येईल. तसं काहीच झालं नाही, आणि ते फार वाईट होतं. मग एक म्हातारे गृहस्थ उठले आणि सितारामभाऊंच्या शेजारच्या रिकाम्या जागेत जाऊन बसले. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूलाही एक जण. सितारामभाऊंनी टोपी काढून तोंड पुसलं.

कंपनीचं पत्र वाचून झालं, पौर्णिमेनंतरच्या ओहोटीला तळी रिकामी करणार. लोकांचे चेहरे जरा सैल झाले. मलाही हायसं वाटलं. तेवढ्यात शेवंताबाईंनी काठी आपटली.

"पोरी, तुला जमिनीतला पानी दिसतंय ना? मंग सांग, माजी हीर परत गोरी कदी व्हईल?"

गोरी म्हणजे गोडी. मी म्हटलं, चार दिवस द्या. त्या म्हणाल्या, "दिले."

परतताना अण्णा बसमध्ये माझ्या शेजारी बसले. उतरताना माझी पर्स त्यांनी आपल्या हातात घेतली, लहानपणी दप्तर घ्यायचे तशी.

३ एप्रिल, बुधवार

तळी रिकामी केली असं धरलं. बाजूच्या चिकण मातीत शिरलेलं मीठ धरलं, ते हळूहळू परत फाट्यात सुटत राहणार. सात, ऐंशी. अकरा, ऐंशी. वर्षाचा पाऊस धरला. सरांनी एकेक आकडा वहीशी ताडून बघितला आणि सितारामभाऊंना बोलावून त्यांच्याकडूनही ताडून घेतला. ते खुर्चीवर बसले नाहीत, पण चष्मा लावून पाची पानं वाचली. मग म्हणाले, बरोबर हाय.

मी बटण दाबलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातून म्हटलं, अडक. देवा, एकदा अडक, कुठेतरी मुक्काम ठोक, म्हणजे म्हणता येईल की अजून नक्की नाही, अजून बघावं लागेल.

नाही अडकलं. नऊ फेऱ्या, कुठेही न थबकता.

चौदा वर्षं.

मी पुन्हा चालवलं. बारीक जाळं अजून बारीक केलं, पावसाचा आकडा उदार हाताने वाढवला. तेरा वर्षं सात महिने. सितारामभाऊ माझ्या मागे उभे होते, त्यांनी आकडा वाचला होता. शेवंताबाई आत्ताच ऐंशीच्या आहेत.

सर म्हणाले, मी येतो, मी सांगतो. सितारामभाऊ म्हणाले, मी सांगंन, म्हातारी माझं ऐकल. मी दोघांनाही नको म्हटलं. उद्या सकाळी पहिल्या बसने जाणार आहे. आईने दोन कॅन गोडं पाणी भरून दाराशी ठेवलंय, म्हणाली, रिकाम्या हाताने जाऊ नको. आकडा मीच सांगणार.